चौथा घोट

३ नोव्हेंबर
वाशीमला पोचले. खोली स्टेशनपासून दहा मिनिटांवर. मालकीणबाईंनी आल्याआल्या नाव, गाव, लग्न सगळं विचारून घेतलं आणि मग गरम भाकरी वाढली. नोकरी दवाखान्याच्या छातीच्या वॉर्डात. पहिल्याच दिवशी सगळ्यांची मंजू सिस्टर झाले. काम मला फार आवडलं: फुप्फुसाच्या जुन्या रोग्यांचं गिळणं तपासायचं. बोटं घशावर ठेवायची, चमचाभर पाणी द्यायचं, घाटी, म्हणजे कंठमणी, वर जाऊन खाली येते का बघायचं. असे तीन चमचे. ठसका लागला की खाटेला लाल कार्ड: पाणी बंद, सगळं घट्ट.

५ नोव्हेंबर
इथे प्रत्येक नातेवाइकाचा एकच समज, आजारी माणसाला पातळ द्यावं, पातळ सहज उतरतं. आडव्या माणसाच्या तोंडात वरणाचं पाणी ओततात आणि वर मलाच विचारतात, काहून खोकून राह्यला? समजावून समजावून माझाच घसा बसला. गिळताना क्षणभर श्वास थांबावा लागतो. या रोग्यांना तेवढंही परवडत नाही, मग पाणी छातीत उतरतं. आज चौघांना पटलं. मी खूश.

९ नोव्हेंबर
मनकर्णाबाई, केनवडच्या. पन्नास वर्षं चुलीचा धूर. दुसऱ्याच चमच्याला ठसका, लाल कार्ड. मुलगा शालिग्राम कार्डाबाहेर एक थेंब देत नाही, असा नातेवाईक शोधून सापडायचा नाही. मी दिसले की बाई म्हणतात, मले घोटभर पानी दे वं माय. मी घट्ट दह्याचा चमचा पुढे करते. त्या तोंड फिरवतात.

१३ नोव्हेंबर
मनकर्णाबाई दुपारी दोनला गेल्या. आता काही उरलं नाही, हे डॉक्टरांनी सकाळीच सांगितलं होतं. शालिग्राम शेवटचं पाणी तोंडात घालायला तांब्या घेऊन उभा होता. त्याने कार्डाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हो म्हणायला माझं काय जात होतं? मी म्हटलं, थांबा, विचारून येते. डॉक्टर दुसऱ्या वॉर्डात होते. मी परत आले तेव्हा बाईंचं तोंड उघडं होतं, कोरडं. शालिग्रामने तांब्या बेसिनमध्ये रिकामा केला. मी चार्ट भरला. रडू आलं नाही. जेवले.

१६ नोव्हेंबर
नवे रोगी वहाबचाचा, गाद्या भरणारे. कापसाच्या धुळीने छाती गेलेली, पण गिळणं चांगलं. तीन चमचे दिले. बोटांखाली घाटी तीनदा वर गेली. मग चौथ्यांदा. चमचा ट्रेमध्ये होता. चाचा म्हणाले, आखरीचं पानी लय थंडं होतं.

१८ नोव्हेंबर
चाचांना ताप. एक्स-रेत उजवी बाजू पांढरी. लाल कार्ड लावलं. डॉक्टर विचारतात, चोरून पाणी कोण पाजतं? चाचांची बायको कुलसुम शपथ घेते, एक थेंब नाही. माझा तिच्यावर विश्वास आहे. आज मी चमचा नेलाच नव्हता. नुसती बोटं ठेवली. सहा घोट.

२० नोव्हेंबर
चाचा माझी बोटं पाहून रडतात. बेटी, हात नको लावू म्हणतात. मी डॉक्टरांना म्हटलं, दुसऱ्या कुणाला सांगा. तपासणी तूच करतेस, तूच कर, म्हणाले. बोटं ठेवली. अकरा. उचलायची होती, पण मनगट कुणीतरी धरलेलं— हाडकुळा हात, खरखरीत— तिथे कुणी नव्हतं.

२१ नोव्हेंबर
चाचा सकाळी गेले. छाती पाण्याने भरलेली. कुलसुमने माझे हात हातात घेऊन दुवा दिली. या हातांनी फार केलं म्हणाली. मला काहीच वाटलं नाही.

२२ नोव्हेंबर
रजा टाकली. कुणाला हात लागायला नको. खोलीवर. दुपार. उजव्या हाताने लिहितेय. डावा माझ्याच घशावर— मी नाही ठेवला—

चार. थंड.

मनकर्णाबाई, चूक माझी होती. विचारायचं काय होतं त्यात, द्यायला हवं होतं—

सात. छातीत उतरतंय. खोकला येत नाही—

नऊ. बाई, हे पाणी मी पितेय आणि तुमची तहान अजून भाग—