मी म्हणते तसं म्हणा

सर, तुम्ही गेल्याचं मला शेगावच्या स्टेशनाबाहेर कळलं. गावातली एक बाई दर्शनाला आली होती, तिनं गर्दीतून हाक मारून सांगितलं, "तुये हेडमास्तर गेले वं, आज सकाळीच." माझ्या हातात कचोरी होती. ती मी संपवली आणि दुसरी घेतली. इतकी चवदार कचोरी मी त्याआधी खाल्ली नव्हती, नंतरही नाही. तेव्हा मी कॉलेजात होते. आता बुलढाण्यात सरकारी कचेरीत कारकून आहे, भाड्याच्या दोन खोल्यांत एकटी राहते, आणि तुमच्यावरचा राग अजून जसाच्या तसा आहे. माणूस गेला की राग निवतो म्हणतात. माझा निवला नाही. उलट यंदा तर त्याला नवं सरपण मिळालं, आणि ते कसं मिळालं हे तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

मी तंबाखू खाते, सर. तुमची पहिल्या नंबरची विद्यार्थिनी, परिपाठात व्यसनमुक्तीची प्रतिज्ञा सांगणारी, ती चौदा वर्षांची असल्यापासून तंबाखू खाते. बा गेल्यावर मायसोबत कापूस वेचायला जायला लागले तेव्हा लागली. दुपारी पोटात आग पडायची, भाकरी पुरायची नाही, मग माय चिमूटभर मळून माझ्या तळहातावर ठेवायची. पुढे शिकले, परीक्षा दिल्या, नोकरी लागली, पण ती चिमूट सुटली नाही. ऑफिसात कोणाला माहीत नाही. गेल्या वर्षी तोंडात पांढरा चट्टा दिसला म्हणून दातांच्या डॉक्टरकडे गेले. त्यानं बॅटरी मारून पाहिलं आणि बाहेर बसलेल्या पेशंटांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "शिकलेल्या बाई तुम्ही, लाज वाटत नाही? कॅन्सर होऊन मरायचंय का?" सर, आवाज त्याचा होता, पण मला तुम्हीच दिसलात. पांढरा शर्ट, वर केलेलं बोट. मी मान खाली घालून बाहेर आले आणि जिना उतरता उतरता तंबाखू मळली.

मग मी मोबाइलवर शोधायला लागले. बुलढाण्यात कोणाकडे जायची सोय नव्हती, इथे सगळे सगळ्यांना ओळखतात. पहिल्या माणसानं फोनवर मला दहा उपाय लिहून घ्यायला लावले, त्यातला चौथा लिहिताना मी फोन ठेवला. दुसऱ्या बाईंनी इच्छाशक्तीवर प्रवचन दिलं आणि शेवटी आई-वडिलांची शपथ घ्या म्हणाल्या. त्यांचा नंबरच मी काढून टाकला. तिसऱ्या एका पानावर एका तरुण समुपदेशक मुलीचा फोटो होता आणि खाली लिहिलं होतं की ती 'मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग' या पद्धतीनं काम करते. मोटिव्हेशनल म्हटल्यावर मला माइक हातात घेऊन स्टेजवर येरझारा घालणारे लोक आठवले, आणि इंटरव्ह्यू म्हटल्यावर नोकरीचा. पान बंदच करणार होते. पण खाली एक ओळ होती: तुम्ही काय करावं हे मी सांगणार नाही. ती ओळ मी दोनदा वाचली आणि रविवारची दुपारची वेळ घेतली.

स्क्रीनवर आली ती माझ्यापेक्षा लहान, बोलणं पुणेरी. मी ठरवून साफ मराठी बोलत होते, तरी मधेच "मले कायजी वाटते" असं निघून गेलं. ती हसली नाही. रागावण्याची वाट पाहत मी खांदे आवळून बसले होते. तिनं विचारलं, "तंबाखू तुम्हाला काय देते?" मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली. "म्हणजे, नुकसान काय होतं?" मी म्हणाले. "नाही," ती म्हणाली, "ते विचारेनच, तुम्हाला सांगावंसं वाटलं तर. आधी सांगा, चांगलं काय वाटतं?" आणि सर, मी बोलायला लागले. वेचणीची दुपार सांगितली, मायचा तळहात सांगितला, ऑफिसात साहेबांनी ओरडल्यावर बाथरूममध्ये जाऊन गालात धरलेली तंबाखूची गोळी सांगितली. ती ऐकत होती. मधे एकदा म्हणाली, "म्हणजे ती तुमची सोबत होती, आणि आता त्या सोबतीची भीतीही वाटते." बस, इतकंच. मग म्हणाली, "शून्य ते दहात, सोडणं तुम्हाला किती महत्त्वाचं वाटतं?" मी म्हणाले, सहा. आता सहाच का म्हणून झापेल असं वाटलं. ती म्हणाली, "सहा. मग तीन का नाही?" तीन का नाही हे सांगताना माझ्याच तोंडून सगळी कारणं बाहेर पडली. तिनं एकही दिलं नाही. चट्ट्याबद्दल काही सांगायचं होतं तेव्हाही तिनं आधी विचारलं, "मला थोडी माहिती आहे, सांगितली तर चालेल?" चालेल का, असं मला जन्मात कोणी विचारलं नव्हतं.

कॉल संपल्यावर मी रडले. ते बरं वाटल्याचं रडणं होतं असं तुम्हाला वाटेल. मी तुमच्यामुळे रडले. इतकं सोपं होतं तर. नुसतं विचारायचं होतं.

त्या शनिवारबद्दल बोलते. तुम्ही विसरला असाल, तुमच्यासाठी ते अनेकांतलं एक होतं. बीटी कापूस नवा नवा आला होता. बियाण्याच्या गाडीवरून कर्णा लावून सांगत होते की आता फवारणीच लागणार नाही. पहिल्या वर्षी बा खाटेवर बसून म्हणाला होता, "आता आपल्याले कोन बोलावते?" त्याला दुसरं काम येत नव्हतं. पाठीवर पंप घेऊन लोकांच्या पऱ्हाटीत फवारायचं, एवढंच. पण तुडतुडे आले, मावा आला, आणि फवारण्या पूर्वीपेक्षा वाढल्या. बाला रोज काम मिळायला लागलं. संध्याकाळी तो यायचा तेव्हा अंगाला असा वास यायचा की आमची शेळीसुद्धा बाजूला सरायची. तो दोनदा आंघोळ करायचा, अंगाला माती चोळायचा, तरी घास तोंडाशी नेला की उमळ यायची. मग तो ओट्यावर बसून पावशेर मोहाची प्यायचा आणि मग जेवायचा. माय समोर बसून वाढायची. तो कोणाला शिवी देत नव्हता, मारत नव्हता. जेवून मला म्हणायचा, "वाच बरं तुया पुस्तकातलं काही," आणि ऐकता ऐकता झोपायचा.

तुम्ही गाव व्यसनमुक्त करायचं मनावर घेतलं होतं. तालुक्याहून, संग्रामपूरहून साहेब येणार होते. शनिवारी सकाळच्या शाळेत तुम्ही पाच माणसांना बोलावलं, शिपायाला पाठवून. बा आला कारण त्याला वाटलं माझं काही बक्षीस आहे. धुतलेला सदरा घालून आला. तुम्ही त्या पाचांच्या गळ्यात रिकाम्या पव्व्यांच्या माळा घातल्या. पोरं हसली. मग तुम्ही मला पुढे बोलावलं. माझा आवाज खणखणीत म्हणून. तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि बाला म्हणालात, "लेक सांगते, तू तिच्या मागून म्हण. मोठ्यानं." मी बारा वर्षांची आहे. मी समोर पाहते, बा माझ्याकडे पाहत नाही, माझ्या पायांकडे पाहतो. मी म्हणते, "मी शपथ घेतो की." तो म्हणतो, "मी शपथ घेतो का." तुम्ही छडी टेबलावर आपटून म्हणता, "का नाही, की! पुन्हा!" पोरं पुन्हा हसतात. मी पुन्हा म्हणते. मी सगळी शपथ खणखणीत म्हटली, सर, एकही शब्द चुकले नाही. साहेबांनी मला पेन दिला.

त्यानंतर बा ओट्यावर बसला नाही. घरी प्यायला नाही. तुम्ही स्टाफरूममध्ये सांगायचात, "सुधारला." तो फवारायला जाताना शिशी सोबत न्यायला लागला आणि शेताच्या धुऱ्यावर एकटा प्यायला लागला, माझ्या नजरेआड. पुढच्या वर्षी आश्विनातल्या उन्हात पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती. पंपाचं झाकण गळत होतं, पाठ औषधानं भिजलेली, तोंडाला फडकं नाही. तो ओळींमध्ये पडला. ओट्यावर पिणारा माणूस सांजेला घरी आला नाही तर माय शोधायला निघाली असती. पण तो आता उशिराच यायचा, तोंडाचा वास जाईपर्यंत बाहेर फिरायचा, म्हणून कोणी निघालंच नाही. सापडला तेव्हा अंग थंड होतं. आमच्या विहारात लोक जमले, तुम्हीही आलात आणि म्हणालात, "शेवटी दारूनंच नेला."

आता मी कित्येकदा डोळे मिटून बाला समोर बसवते आणि त्या समुपदेशक मुलीचा प्रश्न विचारते. बा, दारू तुले काय देते? तो म्हणतो, "वास जाते बाई, मंग भाकर खाल्ल्या जाते." एवढंच उत्तर होतं. ते कोणी ऐकलं असतं तर त्याला तोंडाला बांधायचं फडकं, हातमोजे, न गळणारा पंप मिळाला असता, कदाचित दुसरं कामही. तुम्ही माळ दिली.

गेल्या महिन्यात गावातून फोन आला. शाळेच्या नव्या सभागृहाला तुमचं नाव देणार, तुमच्या विद्यार्थ्यांमधून मी बोलावं. मी लगेच हो म्हणाले. त्या रविवारच्या कॉलवर मी तिला सांगितलं, "मला सूड घ्यायचा आहे." मला वाटलं आता तरी ती नको म्हणेल. ती म्हणाली, "तो घेऊन झाल्यावर, त्याच संध्याकाळी, तुम्ही स्वतःला कशा पाहता?" मी म्हणाले, हलकी. ती म्हणाली, "हलकं व्हायचंय तुम्हाला."

मी गेले, सर. मंडप होता, तुमच्या फोटोला हार होता. तुमचा मुलगा व्यासपीठावर, आता तोही शिक्षक आहे, तुमच्यासारखाच पांढरा शर्ट. माझी पाळी आली तेव्हा मी बाची सगळी हकीकत सांगितली, माळेसकट. तुम्हाला खरं वाटणार नाही, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मागून एक म्हातारा म्हणाला, "असा धाक पायजे हो!" तेव्हा माझ्या डोक्यात काहीतरी तुटलं. मी माइकवर म्हणाले, "सर आम्हाला शपथ द्यायचे. आज त्यांच्या नावानं एक होऊन जाऊ द्या. दादा, तुम्ही सरांचे चिरंजीव, तुम्ही पुढे या. सगळे उठा, हात समोर करा. मी म्हणते तसं म्हणा." सगळे आनंदानं उठले. मी शपथ घेतो की, म्हटलं, दीडदोनशे लोक म्हणाले. माझ्या वडिलांनी, म्हटलं, म्हणाले. एका मजुराला. त्याच्या लेकीसमोर. आवाज कमी होत गेले. पव्व्यांची माळ घालून उभं केलं. आता एकटा तुमचा मुलगा उरला होता, हात समोर. तो थांबला. मी म्हणाले, "मोठ्यानं."

त्यानं म्हटलं. "ते पाप होतं," इथपर्यंत म्हटलं. आणि मला काय वाटलं ते तुम्हालाच सांगते, तुम्ही ओळखाल ते. गोड वाटलं. त्या कचोरीसारखं नाही, त्याहून गोड. मी आणखी एक ओळ जुळवत होते, तेवढ्यात पहिल्या रांगेतून एक मुलगी उठली. दहाएक वर्षांची, दोन वेण्या. ती पायऱ्या चढून वर आली, तिनं बापाचा पुढे केलेला हात धरला आणि खाली घेतला. "पप्पा, चला," म्हणाली. माझ्याकडे एकदा पाहिलं. मग दोघं मंडपातून निघून गेले. मी बारा वर्षांची होते, सर, मला तो हात खाली घ्यायचं सुचलं नव्हतं.

परतीच्या एसटीत मी काय केलं हे विचारू नका. तंबाखू पूर्वीपेक्षा कमी झाली आहे, सुटलेली नाही. आज रविवार आहे, दुपारी कॉल आहे. कार्यक्रम कसा झाला ते ती पुन्हा विचारेल. मागच्या रविवारी विचारलं तेव्हा मी म्हणाले, छान झाला, लोकांना आवडलं. शपथेचं सांगितलं नाही, त्या दोन वेण्यांच्या मुलीचं तर नाहीच. सांगितलं तरी ती मला रागावणार नाही हे मला ठाऊक आहे. ती फक्त विचारेल, "त्या मुलीसाठी तुम्हाला काय करावंसं वाटतं?" आणि उत्तर माझ्याच तोंडून निघेल, मग मला त्या पोरीच्या घरी जावं लागेल. मला जायचं नाही. अजून नाही.