मेथीसाठी फुल स्पेक्ट्रम

३ नोव्हेंबर, रविवार

दिवाळीचं जेवण चामटोलीला, हिरामणदादाकडे. जेवण छान. जेवणाआधी जे झालं ते इथे लिहून टाकतो, म्हणजे डोक्यातून जाईल.

वहिनी म्हणाली, भावजी, मागच्या वाफ्यातून मूठभर मेथी आणा. मी आणली. वहिनीने एकदा बघितली आणि काही न बोलता म्हशीपुढे टाकली. लसूणघास निघाला. आई एवढी हसली की तिला ठसका लागला. दादा म्हणाला, "अनंता, तू आता चारा खायला लागलास का काय?" माझी नेत्रासुद्धा हसली. बारावीची मुलगी, बापाला हसते. हे लागलं.

माझी बाजू: दोन्ही पानं हुबेहूब सारखी. ऊन डोळ्यांवर होतं. आणि बदलापूर गावातली आमची जमीन बिल्डरला गेली तेव्हा मी शाळेत होतो. दादाने त्याच्या वाट्यातून इथे शेत घेतलं, माझ्या वाट्याला फ्लॅट आला. फ्लॅटमध्ये मेथी कुठून ओळखणार?

निश्चय: शेती करून दाखवणार. घरात. संक्रांतीला सगळ्यांना माझ्या हातची मेथी. निघताना दादाला तसं सांगूनही टाकलं. तो बरं म्हणाला. चेहरा मुद्दाम गंभीर ठेवला होता.

६ नोव्हेंबर, बुधवार

रात्री व्हिडिओ बघितले. सगळं स्पष्ट झालं. एक टेन्ट येतो, कपाटाएवढा, आतून चंदेरी. त्यात कुंड्या, वर एलईडी ग्रो लाइट. ऊन नको, पाऊस नको, चिखल नको. दादा अजून आकाशाकडे बघत बसतो.

टेन्ट ऑर्डर केला. बाकी सगळं सोपं आहे, फक्त लाइट बरोबर निवडायला हवा. मी आनंदनगरला रंगाच्या कंपनीत क्वालिटी बघतो. निवडणं हेच माझं काम.

१० नोव्हेंबर, रविवार

टेन्ट आला. हॉलमध्ये टीव्ही आहे. बेडरूमचं नाव काढताच बायकोने, अंजनीने, फक्त माझ्याकडे बघितलं. मग नेत्राची खोली. तिचं टेबल हॉलमध्ये काढलं, गादी टेन्टच्या बाजूला बसली. नेत्राने विचारलं, किती दिवस? मी म्हटलं, लाइट फायनल होईपर्यंत. बरं म्हणाली. समजूतदार आहे, माझ्यावर गेली आहे.

संध्याकाळी उल्हासनगरला, कॅम्प तीनमध्ये. हितेशशेठचं इलेक्ट्रिकचं दुकान. त्याने दोन प्रकार दाखवले, जांभळा आणि पांढरा. मग विचारलं, लगाना क्या है साब? मी म्हटलं, मेथी. त्याने कानाजवळचा फोन खाली घेतला आणि परत विचारलं. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. मी म्हटलं, एक इम्पोर्टेड पौधा है.

जांभळा घेतला. इम्पोर्टेड झाडाला तोच लागतो म्हणाला. आता मागे कसा फिरणार?

१३ नोव्हेंबर, बुधवार

जांभळा लावला. खोली एकदम सायंटिफिक दिसते. समोरच्या बिल्डिंगमधल्या बाईंनी अंजनीला विचारलं, पार्लर काढलं का, थ्रेडिंगचे काय घेता?

नेत्राची तक्रार: टेबल हॉलमध्ये, तिथे टीव्ही, म्हणून ती गादीवर बसून वाचते. पण टेन्टच्या उजेडात तिने हायलाइट केलेलं दिसतच नाही. गुलाबी खुणा सगळ्या गायब. तिला म्हटलं, मग निळा हायलाइटर आण. तोडगा काढणं माझ्या रक्तात आहे.

तरी जांभळा बदलावा असं वाटतंय. पार्लरमुळे नाही. मेथीच्या दृष्टीने.

१७ नोव्हेंबर, रविवार

हितेशशेठकडून पांढरा आणला. फुल स्पेक्ट्रम. खोक्यावर हजार वॅट. अंजनी म्हणाली, बिल कोण भरणार? मी म्हटलं, क्वालिटीची किंमत असते.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

आज लाजच गेली. कौतुक करून घ्यायला लाइट कंपनीत नेला. मेन्टेनन्सच्या जितेशने मीटर लावला. हजार वॅटचा लाइट शंभरच ओढतो. खोक्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, हजार वॅटच्या "बरोबरीचा". जितेश कॅन्टीनमध्ये सगळ्यांसमोर म्हणाला, अरे, तू क्वालिटीत आहेस ना?

डबा अर्धा टाकला. भूक नव्हती.

निश्चय: यापुढे खोक्यावर विश्वास नाही. स्वतः तुलना करणार.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

तुलना चालू. बोर्ड टाइप, बार टाइप. उजेड वॅटमध्ये मोजायचाच नसतो, पीपीएफडीमध्ये मोजायचा, म्हणजे पानावर खरोखर किती पडतो ते. हे दादाला माहीत असणं शक्यच नाही. सुनावायला फोन केला. दादा म्हणाला, आता भात झोडतोय, नंतर बोल.

बार टाइप ठरला; त्याला करंट देणारा डबा, म्हणजे ड्रायव्हर, वेगळा येतो. अंजनीला सांगितलं, याचा ड्रायव्हर वेगळा घ्यावा लागतो. ती म्हणाली, आपल्याकडे गाडी कुठे आहे?

८ डिसेंबर, रविवार

बार टाइप लागला. हा खरा. मोबाइलवरच्या ॲपने उजेड मोजतोय. लाइटची साखळी एक कडी वर, एक कडी खाली. दिवसभर टेन्ट तापतो, म्हणून टायमर रात्रीचा ठेवला: संध्याकाळी चालू, सकाळी बंद. झाडांसाठी हे उत्तम असं सगळे सांगतात.

टेन्टची चेन नीट बसत नाही, फटीतून थोडा उजेड येतो. नेत्रा ओढणी डोळ्यांवर बांधून झोपते. मस्त आयडिया.

अंजनीने विचारलं, टेन्टमध्ये आहे काय? मी म्हटलं, सध्या उजेड.

१५ डिसेंबर, रविवार

पेरणी! अंजनीच्या डब्यातले मेथीदाणे घेतले.

२० डिसेंबर, शुक्रवार

उगवली!! हिरवीगार, बोटभर. फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकले. वहिनीने अंगठा पाठवला. पॉवर शंभर टक्के केली. आता थांबणं नाही.

२३ डिसेंबर, सोमवार

पानांच्या कडा तपकिरी. काही रोपं आडवी. लाइट जवळ झाला की लांब, कळत नाही. रात्री नेत्राने विचारलं, पप्पा, लाइट जरा बंद करू का? मी म्हटलं, आत्ता नको, रीडिंग चालू आहे.

२६ डिसेंबर, गुरुवार

सगळी गेली. नमुना म्हणून एक रोप ठेवलं होतं, अंजनीने केरात काढलं.

परत पेरली. दोष लाइटचा नाही, दाण्यांचा. डब्यातले दाणे वर्षभराचे असणार.

४ जानेवारी, शनिवार

दुसरी पेरणीही आडवी. या वेळी नवे दाणे होते, त्यामुळे दाण्यांचा मुद्दा आता काढत नाही.

नेत्राच्या कॉलेजातून फोन. प्रीलिममध्ये फिजिक्सच्या पेपरला झोपली. सरांनी उठवलं तर म्हणाली, लाइट बंद करा. वर्गात हशा. मी सरांना म्हटलं, अभ्यास खूप करते, रात्री जागते. सर म्हणाले, हो का? मग पेपर कोरा का? फोन ठेवल्यावर टेन्टची चेन सेलोटेपने चिकटवली. सेलोटेप गरम होऊन सुटली.

१३ जानेवारी, सोमवार

उद्या संक्रांत. दादा, वहिनी, आई येणार. टेन्टमध्ये नुसतं कोकोपीट, कुंड्यांत भरलेला नारळाचा भुसा.

पर्याय एक: खरं सांगणं. पर्याय दोन: ऑफिसातून येताना स्टेशनजवळ मुळासकट मेथीच्या जुड्या होत्या, माती लागलेल्या.

मेथी ती मेथीच. उजेड तर माझाच पडणार तिच्यावर.

कुंड्यांत खोचत असताना नेत्रा दारात उभी होती. मग आत येऊन एक कुंडी तिने लावली. माझ्यापेक्षा सरळ लावली.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

सगळं छान झालं. छान म्हणजे, झालं.

संध्याकाळी मी चेन उघडली, उजेड पडला, आईने तोंडावर हात ठेवला. गुडघे धरत खाली बसली आणि पानांवरून हात फिरवला. म्हणाली, "तुज्या बापाचा हात उतरला र तुज्यात." मी मान खाली घातली. तिला वाटलं विनय.

आईने नेत्राला विचारलं, तू बगितलीस ना ग उगवताना? नेत्रा माझ्याकडे न बघता म्हणाली, हो आजी, रोज बघते.

माझी मुलगी खोटं बोलत नाही. म्हणजे आजपर्यंत.

भाजीसाठी वहिनी मेथी खुडायला बसली. एका कुंडीत जुडीचा दोरा राहिला होता. तिच्या बोटाला लागला. तिने तो गुंडाळला, कमरेला खोचला आणि खुडत राहिली. तिने ओळखलं नसावं. ओळखलं असतं तर बोलली असती. लसूणघासाच्या वेळी तरी कुठे बोलली होती?

जेवताना दादाने दोनदा भाजी घेतली. आणि नेत्रा ताटावरच झोपली. हातात भाकरीचा तुकडा, मान भिंतीला. मी हसून म्हटलं, बारावी आहे ना. कोणीच हसलं नाही. दादाने उठून तिच्या खोलीत डोकावून बघितलं. टायमर लागला होता. गादी, उशी, भिंत, सगळं लख्ख.

दादा माझ्याशी बोलला नाही. अंजनीला म्हणाला, "परीक्षा होईस्तोवर पोरीला आमच्याकडं ठेवू?" अंजनीने बॅग आधीच भरलेली होती. हे मला आत्ता लिहिताना लक्षात येतंय, की आधीच भरलेली होती.

१५ जानेवारी, बुधवार

चामटोलीची हवा चांगली. अभ्यास होईल. बदल हवाच असतो.

अंजनीला म्हटलं, नेत्राने मला कधी सांगितलंच नाही. अंजनी भांडी लावत होती. म्हणाली, सांगितलं. लाइट बंद करू का म्हणून विचारलं, तुम्ही म्हणालात रीडिंग चालू आहे. त्यानंतर मला येऊन म्हणाली, आई, पप्पांना काही बोलू नकोस, दिवाळीत आपण सगळे हसलो त्यांना.



१९ जानेवारी, रविवार

टेन्ट काढला. टेबल परत आत. हितेशशेठ लाइट परत घ्यायला तयार, पण विचारतो, वो इम्पोर्टेड पौधा कैसा है? म्हटलं, मर गया. तो खरंच हळहळला. चहा मागवला. मला प्यावाच लागला.

२४ जानेवारी, शुक्रवार

नेत्राला फोन केला. आईने उचलला. म्हणाली, जेवते, वाचते, झोपते. मग म्हणाली, शेजारच्या सगळ्यांना सांगितलंय मी तुज्या मेथीचं, बायका बगायला येणार हाइत. मी म्हटलं, आई, ती मेथी... आई म्हणाली, काय? मी म्हटलं, संपली.

परत दोनदा नंबर लावला, वाजायच्या आत कापला. तिसऱ्यांदा वहिनीने उचलला. तिला म्हटलं, वहिनी, आईला सांगा, मेथी बाजारातली होती. वहिनी म्हणाली, सांगते. आणि म्हणाली, भाजी चांगली झाली होती पण, भावजी.

ती चांगुलपणाने म्हणाली. त्यापेक्षा हसली असती तर बरं झालं असतं.

२ फेब्रुवारी, रविवार

नेत्राला आणायला चामटोलीला गेलो. काय बोलायचं ते रिक्षात ठरवलं होतं. आधी सॉरी, मग खोली रिकामी आहे, मग परत सॉरी.

पडवीत खाटेवर झोपली होती. भर दुपारी, पुस्तक पोटावर उघडं. गाल भरलेत. तोंड थोडं उघडं, लहानपणी झोपायची तसं. आई दारातून म्हणाली, उठवू नको.

बसलो. दादा शेतातून आला, माझ्या शेजारी बसला. मेथीचं कळलं असणार. कोणीच विषय काढला नाही. ऊन कलून तिच्या तोंडावर यायला लागलं, तेव्हा दादाने उठून दोरीवरचं धोतर सरकवून आडोसा केला. मी तिच्या जवळ होतो. माझ्या लक्षात आलं नव्हतं.

संध्याकाळ झाली तरी उठली नाही. एकटाच परत आलो.

अंजनीने दार उघडलं, माझ्या मागे बघितलं. विचारलं, आली नाही?

म्हटलं, झोपली होती.

अंजनी म्हणाली, झोपू दे. आणि जेवायला वाढलं.