कोरा पडदा

२ जानेवारी, सकाळी ६
नवी वही. संकल्प तीन. रोज लिहिणे. रोज एक गणित सोडवणे. वर्षाच्या आत असिस्टंट होणे. गेल्या वर्षीचे संकल्प जुन्या वहीत आहेत, ती उघडायची नाही.

५ जानेवारी
मधले दिवस राहिले. कामाचा व्याप.
काम म्हणजे नजरेची लॅब. माणसाला दिसतं कसं, ते इथे गणिताने शोधतात. मी लादी पुसतो. पण आज लॅबच्या मुख्य मॅडमनी स्वतः विचारलं, प्रयोगाला बसशील का? अंधारी खोली, हनुवटी टेकवायला पट्टी, समोर करडा पडदा. टिंग वाजलं की बघायचं. फिके पट्टे दिसले तर हिरवं बटण, नाही दिसले तर लाल. म्हणे भल्याभल्यांना दिसत नाहीत. मला सगळे दिसले. चारशेपैकी चारशे. आठवीत हे बटण असतं तर मी नापास झालो नसतो.

६ जानेवारी
बाबांना व्हिडिओ कॉल. सांगितलं, आता सायंटिस्ट लोकांत बसतो. खोटं नाही, बसतोच. बाबा म्हणाले, तोंडावर तेज दिसतंय लेका, पण कॉलर नीट कर. चाळीस वर्षं शिंपीकाम. पोराआधी कॉलर बघतात.

१२ जानेवारी
दाढीवाला म्हणजे मॅडमचा विद्यार्थी. सहा वर्षं एकच पुस्तक लिहितोय, वर मला आळशी म्हणतो. आज म्हणाला, डोळा म्हणजे कॅमेरा नव्हे. डोळ्यात एक जागा अशी आहे की तिथे काहीच दिसत नाही. मेंदू आजूबाजूचं बघून अंदाजाने तेवढं भोक बुजवतो आणि आपल्याला पत्ता लागू देत नाही. कागदावर फुली आणि ठिपका काढून दिला. एक डोळा मिटून फुलीकडे बघत कागद जवळ आणला तर ठिपका गायब, नुसता पांढरा कागद. मी म्हटलं, तुझ्या डोळ्यात असेल भोक, माझ्या नाही. मग बाथरूममध्ये जाऊन परत करून पाहिलं. कागद खराब होता.

२० जानेवारी
धाकट्या बहिणीचा फोन. दादा, रजा काढून ये, बाबांचे डोळे दाखवायला हवेत. तुझ्याशिवाय कुणाचं ऐकत नाहीत. सुईत दोरा मला ओवायला लावतात. कपात बोट बुडवून चहा ओततात. मी म्हटलं, वय झालं की माणूस सावधपणे ओततो. आणि डोळ्यांचं मला शिकवू नकोस, मी त्याच लाइनमध्ये आहे. म्हणाली, म्हणूनच म्हणतात, दिव्याखाली अंधार. आणि तिने फोन आपटला. लहानपणापासून रडकी.
निर्णय: बाबांचे डोळे मी इथूनच तपासणार.

२१ जानेवारी
तपासले. कॉलवर विचारलं, बाबा, मी दिसतोय का? म्हणाले, न दिसायला काय झालं? वाळलास जरा. हा निळा शोभतो तुला. कॉलर नीट कर.
शर्ट पिवळा होता. स्क्रीनवर रंग बदलतात, हे लॅबमध्ये सगळ्यांना माहीत आहे. निकाल: दृष्टी उत्तम. बहिणीला कळवलं. उत्तर नाही. हरली असावी.

४ फेब्रुवारी
बाबांनी दुकान बंद केलं. विचारलं तर म्हणाले, कंटाळा आला रे, हल्ली शिवून घेतंय कोण? पटलं. रेडिमेडचा जमाना.
बहीण म्हणते, आता तरी ये. पण ३ मार्चला मॅडम सगळ्यांचे निकाल सांगणार. घरी सांगून ठेवलंय, असिस्टंटचं पत्र घेऊनच येईन. बाबांना केवढा आनंद होईल. महिनाभराने काय बिघडतं?

१८ फेब्रुवारी
अकरावी बैठक. चारशेपैकी चारशे. आता इतका सराव झालाय की पट्टे यायच्या आधीच मला दिसतात. गणित एकही सोडवलेलं नाही. असिस्टंटला कॉम्प्युटर मिळतो, तो सोडवेल.

३ मार्च, दुपारी ३
इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. मॅडमनी दार लावलं. म्हणाल्या, तुझे आकडे वापरता येणार नाहीत. चारशेपैकी शंभर वेळा पडदा कोरा असतो. पट्टे नसतातच. तू तेव्हाही हिरवंच दाबलंस, अकराच्या अकरा वेळा. आमच्या गणितात नुसतं 'दिसलं' मोजत नाहीत, काही नसताना किती वेळा 'दिसलं' म्हटलं तेही धरतात. त्यामुळे तुला काय दिसतं ते आम्हाला कळलंच नाही.
मी म्हटलं, मॅडम, मला वाटलं तुम्हाला बरं वाटेल.
म्हणाल्या, बरेच लोक त्यासाठीच दाबतात.
असिस्टंटचा विषय निघाला नाही. मी काढला. काढायला नको होता.

४ मार्च, सकाळी १०
डोळे सुजलेत. सर्दी.
घरी कॉल लावला. हे तोंड बाबांना दिसू नये म्हणून कॅमेऱ्यावर अंगठा धरला. कॅमेरा बिघडलाय असं सांगणार होतो. तोंड उघडायच्या आत बाबाच म्हणाले, वा, आज चेहरा फुललाय! मिळालं ना पत्र? आणि लेका, कॉलर नीट कर.
मी बनियनवर होतो.
विचारलं, दिसतोय ना मी, बाबा? म्हणाले, लख्ख.
त्यांच्या मागे बहीण उभी होती. ती काळ्या स्क्रीनकडे बघत होती. मी म्हटलं, हो बाबा, केली नीट.
अंगठा काढला नाही. रजेचा अर्ज लिहिला.

९ मार्च, डोळ्यांच्या दवाखान्यात, बाकावर
तेच मशीन. हनुवटीला पट्टी, हातात बटण. ठिपका चमकला की दाबायचं. बाहेर ऐकू येत होतं, बाबा दाबतच होते. टक टक टक टक, थांबायचं नाव नाही. डॉक्टरांनी मला आत बोलावलं. म्हणाले, हे धरता येणार नाही, काही नसतानाही दाबतायत. मी म्हटलं, माहीत आहे.
मग बत्तीने तपासलं. डोळ्यांमागची शीर सुकली आहे. गेलेलं परत येत नाही. विचारलं, पहिल्यांदा लक्षात कधी आलं? मी म्हटलं, जानेवारीत. म्हणाले, तेव्हाच आणलं असतं तर एक डोळा राहिला असता.
बहीण औषधं आणायला गेली. माझ्याकडे बघितलं नाही.
बाबा भिंतीला हात लावत बाहेर आले. म्हणाले, सगळे दिसले बघ, एक सोडला नाही. मी म्हटलं, शाब्बास. मग त्यांनी चाचपडत माझा खांदा शोधला, मान शोधली आणि कॉलर नीट केली.
वाकडीच होती.