चारच्या पुढचं बोलणं

२२ ऑगस्ट २०२३

चि. कॅसिमिर यास बर्नाडीनताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं मागच्या फेरीचं पत्र मिळालं. जहाजावर नवा ओव्हन आला हे वाचून बरं वाटलं. जुन्याच्या नावाने तू सोळा वर्षं शंख केलास. माझं ठीक चाललंय. गुडघे आपल्या मर्जीने चालतात आणि मी त्यांच्या मागून.

आता वाईट बातमी. काल टीव्हीवर फुटबॉलच्या हंगामाआधीची, भाकितं सांगणाऱ्यांची पंचायत बसली. दरवर्षीप्रमाणे आम्ही चर्चच्या तळघरात कोबीचं पातेलं चढवून ऐकायला जमलो होतो. त्या चकचकीत टायवाल्याने आपल्या गावच्या संघाला, डॉकर्सना, सतरापैकी नऊ सामने जिंकायला दिले. हसऱ्या बाईने सात दिले, म्हाताऱ्या प्रशिक्षकाने आठ. मग आमच्या टॅडची पाळी आली. माझ्या पोटचा गोळा, नऊ वर्षं डॉकर्सची जर्सी घालून चिखलात लोळलेला. तो कॅमेऱ्याकडे बघून म्हणाला की चार.

चार म्हटल्याबरोबर रिवाजाप्रमाणे मिसेस ह्लावाटीने टीव्ही बंद केला आणि मी पातेल्यावर ओगराळं आपटलं. हात सवयीने आपटून गेला. कोणाच्या नावाने आपटला ते नंतर लक्षात आलं.

तुला ठाऊकच आहे, सगळ्यात कमी आकडा सांगणाऱ्याचा फोटो पेपरातून कापून पातेल्याच्या झाकणावर चिकटवायचं काम बावीस वर्षं माझ्याकडे आहे. आकडा खोटा ठरला की फोटो निघतो आणि माणसाला माफी मिळते. खरा ठरला तर त्याला बोलावून पहिलं ताट वाढायचं असं जुन्या फादरनी ठरवून ठेवलं होतं, पण ती वेळ कधी आली नाही. काल सगळे माझ्याकडे बघत होते. कोणीतरी म्हणालं की यंदा राहू दे, बर्नाडीन. मी म्हटलं, दुसऱ्यांच्या मुलांना बावीस वर्षं वाफ दिली, आता माझ्याला का नको? आणि कात्री मागून घेतली.

रेनाटा मात्र उठून गेली. तिचा लुकास यंदा पहिल्यांदाच संघात आलाय, तोही टॅडच्याच जागी, मधोमध ओणवा होऊन चेंडू मागे देणारा. टॅडनेच त्याला आमच्या परसात शिकवलं. जाताना ती म्हणाली की ज्याने शिकवलं त्यालाच माझ्या पोराचं भलं बघवत नाही. चाळीस वर्षं आम्ही दोघी शेजारी बसून पिरोगीच्या करंज्या वळतोय, तरी मी तिच्या मागे न जाता फोटो कापत राहिले.

आज सकाळी अंगणात कोणीतरी ‘घर विकणे आहे’ अशी पाटी रोवून गेलंय, म्हणजे गाव सोडा. दुपारपर्यंत दोन जण खरोखरच खोल्या किती म्हणून विचारून गेले. टॅडचे पाच फोन आले. मी घेतले नाहीत. आधी आईच्या कानावर घालायला त्याचं काय जात होतं?

उत्तर लगेच दे. तुझ्यावर माझा लोभ आहेच. भाच्यावर तूर्त तूच कर.

तुझी,
बर्नाडीनताई

---

३१ ऑगस्ट २०२३
डेट्रॉइट नदीतून

ती. ताईस कॅसिमिरचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र आज बादलीतून वर आलं. टपालाची होडी धावत्या जहाजाला चिकटली, मी दोर ओढला, तर बादलीत इंजिनवाल्याचे मोजे आणि त्याखाली तू. अक्षरावरूनच कळलं की रागात आहेस. रागात तुझ्या ओळी सरळ येतात.

भाच्याला झाकणावर चिकटवलंस हे वाचून मी एकटाच हसत बसलो. बाप्तिस्म्याच्या दिवशीही त्याने फादरच्या अंगावर पाणी उलटं उडवलं होतं. लोकांना खूश करण्याचा गुण त्याच्यात कधीच नव्हता, आणि तो कुणाकडून आला हे मी मोठ्या बहिणीला काय सांगू?

पण ताई, एक कळलं नाही. त्याने चार का म्हटलं, याबद्दल तुझ्या पत्रात अवाक्षर नाही. इथे भटारखान्यात आम्ही आठ जण कान देऊन ऐकत होतो. चारनंतर तो दोन मिनिटं बोलला आणि ते सगळं लुकासबद्दल. सराव सामन्यात दोनदा टक्कर झाल्यावर पोराचा डावा हात खांद्यापासून लोंबला, म्हणाला, आणि त्याने तो उजव्या हाताने उचलून कमरेवर ठेवला. पुढे त्याचेच शब्द: ‘हे हाताचं दुखणं नाही, मानेचं आहे. मला कळतं, कारण तेच मी चार वर्षं लपवलं. त्याला बसवलं तर मधली फळी मोडेल आणि डॉकर्स चारच सामने जिंकतील, आणि मला चार चालतील.’ आमचा इंजिनवाला स्वतःच्या लग्नातसुद्धा फार बोलला नसेल. तो म्हणाला की हा माणूस टीव्हीवरून कोणाच्या तरी आईशी बोलतोय.

हे तू ऐकलंच आहेस, म्हणून लांबण लावत नाही. रेनाटाने लुकासला डॉक्टरकडे नेलं का, तेवढं कळव.

नवा ओव्हन डावीकडे करपवतो. जुनाच बरा होता. टॅडचा फोन घे. माझ्यासाठी म्हणून घे, आणि तुझ्या धाकट्या भावावर माया राहू दे.

तुझा,
कॅसिमिर

---

११ सप्टेंबर २०२३

चि. कॅसिमिर यास ताईचे आशीर्वाद, या वेळी मोजता येणार नाहीत इतके. वि. वि.

तुझं पत्र बुधवारी आलं. उभ्याने वाचायला घेतलं आणि मधेच जिन्याच्या पायरीवर बसले. आम्ही ऐकलंच नव्हतं रे. चार ऐकलं, टीव्ही बंद झाला, ओगराळं दणकलं. आकड्यानंतर कोण काय म्हणतं हे आपल्या तळघरात बावीस वर्षांत कोणी ऐकलेलं नाही. पुढे गावभर जे फिरलं तेही चारपर्यंतच.

आणि चार वर्षं लपवलं, हे वाक्य मी किती वेळा वाचलं असेल. टॅड जेवायला आला की मांस मला कापून द्यायला लावतो. मला वाटायचं, लाडात येतोय. त्याच्या वडिलांना अखेरचा निरोप द्यायच्या दिवशी त्याच्या डाव्या मनगटाचं बटण उघडं होतं. मी चारचौघांत त्याला गबाळा म्हटलं आणि त्याने ते उजव्या हाताने झाकलं.

तुझं पत्र छातीशी धरून रेनाटाकडे गेले. तिने दार उघडलं आणि मला बघून लावायला घेतलं. मी पाय आत घातला. गुडघा अजून त्याची आठवण काढतोय. म्हटलं, मला हव्या तेवढ्या शिव्या दे, पण आधी हे वाच. तिने उंबऱ्यातच वाचलं. मग म्हणाली की टॅडचा फोन तिलाही आला होता, आवाज ओळखून तिने आपटला. संघालाही त्याने कळवलं होतं, पण तिथे लुकास स्वतःच सगळ्यांना हात झक्कास आहे म्हणून सांगत होता.

लुकास संध्याकाळी घरी आला. दारातून येताना वाकावं लागतं त्याला, एवढा मोठा झालाय. रेनाटा त्याला, फळीवरची काकडीच्या लोणच्याची बरणी काढून दे म्हणाली. त्याने उजवा हात पुढे केला. ती म्हणाली, डाव्या हाताने दे, राजा. तो हसला आणि म्हणाला की आई, हा काय खेळ मांडलायस? ती म्हणाली की हो, खेळच, दे. बरणी त्याच्या बोटांतून निसटली आणि फरशीवर फुटली. त्या लोणच्याच्या पाण्यातच तो खाली बसला आणि रडला. एकदा बाहेर बसलो तर ही जागा परत मिळणार नाही, एवढंच म्हणत होता.

शुक्रवारी तपासणी झाली. मानेच्या मणक्यात शीर दाबली गेलीय. अजून एक वाईट टक्कर बसली असती तर मानेखालचं काहीच हललं नसतं, असं डॉक्टरांनी रेनाटाला तिच्या तोंडावर सांगितलं. पहिला सामना दोन दिवसांवर होता. आता यंदाचा हंगाम बंद, याच महिन्यात शस्त्रक्रिया, पुढचं पुढे.

काल डॉकर्स एकतीस-तीनने हरले. रेनाटा माझ्या शेजारी बसून बघत होती आणि प्रत्येक टक्करीला माझा हात दाबत होती. हरणं एवढं गोड लागेल असं मला कोणी सांगितलं असतं तर मी त्यालाही झाकणावर चिकटवलं असतं. अंगणातली पाटी तिने उपटून नेली आणि आपल्या टोमॅटोला टेकू दिला.

देवाचे आभार मानलेच. तुझे मानते, आणि तुझ्या त्या इंजिनवाल्याचेही. पण ज्याचे आधी मानायला हवेत त्याला अजून फोन केलेला नाही. आता त्याचे फोन येणं थांबलंय. पत्र लिहायला बसते, दोन पानं होतात आणि फाडते. कोणत्या तोंडाने लिहू, ते तूच सांग.

तुझ्या मायेला धरून असलेली,
ताई

---

२३ सप्टेंबर २०२३

ती. ताईस कॅसिमिरचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून मी डेकवर जाऊन उभा राहिलो. वारा बोचरा होता, म्हणून डोळ्यांतून पाणी आलं असं मी सगळ्यांना सांगितलंय. तूही तेच धरून चाल.

टॅडला दोन पानं कशाला? तो आपल्याच घरातला आहे. एवढी माफी वाचून रडेल आणि मग टीव्हीवर त्याचे डोळे रंगवणाऱ्या बाईची पंचाईत. तीन ओळी लिही. त्यातली एक जेवणाबद्दल असू दे. आपल्या आईने आयुष्यात कोणाची माफी मागितली नाही, पण ज्या दिवशी तिचं चुकलेलं असे त्या दिवशी ताटात सॉसेजचा मोठा तुकडा पडत असे. मला तो नेहमी कळला, टॅडलाही कळेल.

ओव्हनशी माझा समझोता झालाय. मी पाव उजवीकडे ठेवतो.

आहे ती माया आटू देऊ नकोस.

कॅसिमिर

---

८ ऑक्टोबर २०२३

ती. आईस टॅडचा सा. न. वि. वि.

तुझं तीन ओळींचं पत्र मिळालं. कामावर न्यायच्या कोटाच्या खिशात ठेवलंय आणि आज आकडे सांगताना ते तिथेच होतं. ‘मी आहे तोवर तुझ्या ताटातलं मांस कापून देईन’ ही तुझी ओळ वाचल्यावर मला थोडा वेळ खिडकीजवळ उभं राहावं लागलं. बाबांना निरोप दिला त्या दिवशीच्या बटणाबद्दल तू लिहिलंस, त्याची गरज नव्हती. मी तुला सांगितलं नव्हतं, तर तुला कळणार कसं? मी खेळतो म्हणून बाबा किती मिरवायचे ते तू पाहिलंस. मला त्यांचं मिरवणं मोडायचं नव्हतं. लुकासचंही तसंच होतं, म्हणून मला ते टीव्हीवरून दिसलं.

तुम्ही आकड्यावर टीव्ही बंद करता हे मी लहानपणापासून बघत आलोय. तरी आधी आकडा सांगितला आणि मग कारण. चूक माझी. उलटं सांगायला हवं होतं.

लुकासची शस्त्रक्रिया नीट झाली. तो रोज फोन करतो. काल त्याचा अंगठा हलला म्हणून सकाळी सहाला उठवलं मला. रेनाटामावशी फोनवर आली आणि तिच्या टोमॅटोंबद्दलच सांगत राहिली. मी ते सगळे मोजून घेतले.

झाकणावरचा माझा फोटो काढू नकोस. नियम तो नियम. ताटासाठी चारच विजय हवेत हे ठाऊक आहे, पण खरं सांगू, मी मनातल्या मनात अजूनही पाच विजय मागतोय.

हात डोक्यावर असू दे, आई.

तुझा,
टॅड

---

९ जानेवारी २०२४

चि. कॅसिमिर यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र तुझ्या शेवटच्या फेरीला गाठेल असं धरून लिहितेय. कालव्याची दारं हिवाळ्यापुरती पंधराला बंद होतात, म्हणजे वीसपर्यंत तू घरी. वाट बघतेय.

डॉकर्सनी हंगाम चार विजयांवर संपवला. परवाचा शेवटचा सामना एका गुणाने गेला. चेंडू खांबाला लागून बाहेर पडला, तेव्हा तळघरात आधी सगळ्यांनी कपाळाला हात लावला. मग मिसेस ह्लावाटी म्हणाली की अगं, म्हणजे ताट. आणि लोक टाळ्या वाजवायला लागले. हरल्यावर टाळ्या वाजवणारं गाव तू दुसरं पाहिलं आहेस का?

टॅड काल आला. चार महिन्यांच्या वाफेने झाकणावरचा त्याचा चेहरा सुजून भोपळा झाला होता आणि एक कान गळून पडला होता. तो म्हणाला की यात मी बाबांसारखा दिसतो. मी फोटो झाकणावरून सोडवला. नवे फादर म्हणाले की पहिलं ताट बर्नाडीनने वाढावं. मी म्हटलं, नाही, ते वाढणारा दुसरा आहे.

लुकास पुढे आला. मानेवरची खूण कॉलरच्या वर दिसते. त्याने ओगराळं उचललं, कॅसिमिर, डाव्या हाताने. रेनाटाने माझा दंड धरला तो अजून निळा आहे. बोटं एकेक करून दांड्याभोवती मिटली. त्याने कोबी भरला, सॉसेजचा मोठा तुकडा शोधून वर ठेवला आणि टॅडच्या ताटापर्यंत नेला. थोडं सांडलं, ते टॅडच्या बाहीवर. लुकास म्हणाला की माफ करा, अजून थरथरतो. टॅड म्हणाला की सांड बाबा, रोज सांड.

येत्या ऑगस्टपासून टीव्ही शेवटपर्यंत चालू राहणार आहे. ओगराळं मी कपाटात कुलुपात ठेवणार आणि किल्ली मिसेस ह्लावाटीकडे देणार, कारण माझ्या हातावर माझा भरवसा नाही.

मग टॅड जेवायला बसला. मी त्याच्या शेजारी बसून, सगळ्या गावासमोर, त्याचं सॉसेज कापून दिलं. बाही पुसली. डाव्या मनगटाचं बटण सुटलं होतं, ते लावलं.

तू लवकर ये. तुझा वाटा झाकून ठेवलाय.

सगळ्यांच्या मायेत भिजलेली,
बर्नाडीनताई