दीड पोतं तांबडी माती

मामंजी, तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायचा तर मला डोळे मिटून बसावं लागतं. पण उन्हाळ्यात दुपारचं आभाळ भरून आलं की मी अजून तुमच्याशी वाद घालते. कुस्त्यांच्या मैदानाच्या किल्ल्या ज्या दिवसामुळं तुमच्याकडून गेल्या, त्या दिवशी तुमचा अंदाज खरंच चुकला होता का, एवढंच मला ठरवायचंय. गावात इंग्रजांचा मार्शल लॉ होऊन गेला त्याच्या पुढचा दुसरा उन्हाळा होता तो. गाव ते कधीच विसरलं असेल. मला मात्र ते सुटत नाही.

मोहोळकडून लग्न होऊन आले तेव्हा मैदान सांभाळणं म्हणजे दार उघडायचं, कुत्री हाकलायची आणि मिशीला पीळ देत बसायचं, असं मला वाटायचं. मैदानाच्या भिंतीला लागून आपल्या दोन खोल्या. बाईमाणसानं आत जायची पद्धत नव्हती, पण माझ्या चुलीसमोरच्या झरोक्यातून कुस्तीच्या मातीचा निम्मा हौदा दिसायचा आणि समोरच्या दगडी पायऱ्या. तिथूनच मला उमगलं की तुमचा खरा मालक मैदानाची कमिटी नव्हती, आभाळ होतं. ऊन कडक असलं की हौद्यातली तांबडी माती विटेसारखी व्हायची; मग पहाटेच पाणी मारून, खणून, ताक, तेल नि हळद घालून ती मऊ करायची, म्हणजे चारपर्यंत बेताची सुकायची. पश्चिमेच्या भिंतीची सावली हौद्यावर आल्याशिवाय पहिली जोड तुम्ही सोडायचा नाहीत. वारा सुटला की मांडवाचं कापड सैल करायचं, नाहीतर फाटतं. उष्ण वारा असला तर पाण्याचे रांजण वाढवायचे. वारा पडून नुसता उकाडा असला तर आणखी वाढवायचे, कारण तेव्हा माणसं पायरीवर बसल्या बसल्या आडवी होतात. आणि बाहेरच्या काळ्या रानात पाऊस पडला तर गाड्यांची चाकं आसापर्यंत रुततात, म्हणून ढग दिसला की बैलगाड्या रस्त्याच्या कडेलाच थांबवायच्या. हजारो माणसांचा जमाव, आणि त्याचा सगळा कारभार एका म्हाताऱ्याच्या नाकावर चालायचा.

मला भारी नवल वाटायचं. भाकरी वाढता वाढता मी विचारायची, "मामंजी, पाऊस येणार न्हाय हे तुमाला कसं कळतं?" तुम्ही म्हणायचा, "कळत न्हाय पोरी. कान देऊन बसायचं, बस. कुर्डुवाडीकडनं येणाऱ्या गाडीची शिट्टी जवळ वाजल्यागत वाटली की समजायचं, हवा वलसर हाय." झालं, मी दोन उन्हाळे त्या शिट्टीच्या मागं लागले. कधी खरं निघायचं, कधी साफ खोटं. तसं तुम्हाला सांगितलं तर म्हणालात, "ज्या दिवशी खोटं निघालं, त्या दिवशी तू नीट ऐकलं नसशील की." मी आपली भाकरी थापत राहिले.

आता चुलीचं सांगते. आपल्याकडची काळी माती उन्हात तडकते. माझी चूल दर महिन्याला उलायची, धूर घरभर, आणि डोळे चोळत मी रडकुंडीला यायची. स्वयंपाकघराच्या बाजूच्या खोलीत तुम्ही चार पोती तांबडी माती ठेवलेली असायची. चाळलेली, खडखडीत कोरडी, तेल-हळद न घातलेली. मला वाटलं, पडून असलेली माती आहे. आधी चुलीपुरती घेतली. चूल इतकी देखणी झाली की मग ओटा लिंपला, मग मोरीच्या कडेला लावली. दीड पोतं कधी संपलं मला कळलंही नाही. तुम्हाला विचारलं नाही, कारण तुम्ही नाही म्हणाला असता.

आणि तो दिवस. आठवडाभर आग ओकणारं ऊन पडलंय, म्हणून पहाटे तुम्ही नेहमीपेक्षा जास्त पाणी मारताय. नारळ फुटतो. एकदा मातीवर नारळ फुटला की त्या दिवशीच्या कुस्त्या मोडायच्या नाहीत, ही आपल्या मैदानाची रीत. गिरणीचा सकाळचा भोंगा होतो आणि आभाळ झाकोळून येतं. पाऊस नाही, वारा नाही, नुसतं घोंगडं पांघरल्यासारखं. माती वाळत नाही. तुम्ही मूठभर उचलून दाबता; टिचकीनं फुटायला हवा तो गोळा तसाच राहतो. दुपारी गड्यांना घेऊन तुम्ही पोत्यांच्या खोलीत येता. कोरडी माती पसरायची म्हणजे ओल मरते, त्यासाठीच ती ठेवलेली, हे मला तेव्हा, त्या क्षणी कळतं. तुम्ही अडीच पोत्यांकडं बघता, मग दारातून दिसणाऱ्या माझ्या ओट्याकडं. गड्यांना म्हणता, "उंदरांनी फोडली आसतील. हाय तेवढी घ्या, मधी टाका."

मधली माती सुधारली, पूर्वेची कड ओलीच राहिली. पंचांना तुम्ही सांगितलं, जोड कडेला जाऊ देऊ नका. पण शेवटच्या कुस्तीत माळशिरसकडचा पैलवान रेटत रेटत कडेला गेला, त्याचा पाय घसरला आणि खांदा निखळला. पायऱ्यांवरून ओरडा झाला, म्हाताऱ्याला आता आभाळ कळंना. कमिटीसमोर तुम्ही एकच बोललात, "माझा अंदाज चुकला." पैलवान दिवाळीपर्यंत पुन्हा उभा राहिला, तुम्ही मात्र घरी बसलात. मी गप्प राहिले. तुमचा मुलगा कारखान्यातून आला, त्यालाही काही बोलले नाही. भीती वाटली म्हणा, लाज वाटली म्हणा, दोन्ही खरं.

घरी बसून तुम्ही फार उदास असायचा. एके दिवशी ट्रंकेतून तुमची वही निघाली, दर मैदानाच्या दिवसाची हवा तिच्यात लिहिलेली. ती वाचायची मला अशी काही हाव सुटली की मी तुम्हाला म्हटलं, मला अक्षरं शिकवा. त्या दिवसानंतर तुम्ही पहिल्यांदा हसलात. मग दुपारच्या दुपार आपण दोघं ओट्यावर बसायचो. एक वेलांटी चुकली तरी तुम्ही माझ्याकडून ओळ पहिल्यापासून म्हणून घ्यायचा. त्या वहीतून मला कळलं की तुमचे अंदाज कितीतरी वेळा चुकले होते. ढग चुकले, वारा चुकला. पण चूक होणार हे धरूनच तुम्ही तयारी ठेवायचा, म्हणून बाहेर कुणाला ती कधी दिसली नाही. माझं उत्तर हेच आहे, मामंजी. तुमचा अंदाज चुकला असेल, पण तुम्ही चुकला नव्हता.

पुढच्या पावसाळ्यात आपण शेवटच्या पानावर आलो. मी बोट ठेवून मोठ्यानं वाचत होते. "पाणी जास्त झालं. ऊन मिळालं नाही. कोरडी माती कमी पडली." त्याच्यापुढं अजून दोन शब्द होते. मी थांबले आणि म्हटलं, हे अक्षर काही लागत नाही मला. तुम्ही पहिल्यांदाच मला ओळ पुन्हा वाचायला लावली नाही. "ऱ्हाऊ दे," म्हणालात आणि वही मिटलीत.

तिथं लिहिलं होतं, 'घरात लागली.' मला वाचता आलं होतं.