मरळीचा रांजण

माय, तुला जाऊन इतकी वर्षं झाली आणि आज सकाळपासून मला तुझा भारी राग येऊन राहिला आहे. माझ्या लेकीला नागपूरला नर्सिंग शिकायला जायचंय. मी नाही म्हटलं. तोंडून निघाले ते शब्द तुझेच होते: "बाहेर काय ठेवलं? घरात काय कमी हाय तुले?"

तेव्हापासून तो रांजण डोळ्यांपुढून हलत नाही. वऱ्हाड मध्यप्रांतात होता तेव्हाची गोष्ट. खामगावला आपण कापसाच्या जिनाच्या मागे राहायचो. धाकटा भाऊ तापातून नुकताच उठलेला, त्याच्या अंगात ताकद यावी म्हणून बाबांनी बाजारातून जिवंत मरळ आणली. पण नेमका शनिवार, आपल्या घरी त्या दिवशी मासा शिजत नसे. तू तिला रांजणात सोडलंस. पाणी कमी पडू नये म्हणून काठोकाठ भरलंस. मरळ उडी मारून पळते हे तू ऐकलेलं, म्हणून वर लाकडी झाकण आणि झाकणावर वरवंटा. मी बघते आहे, तू पदराने रांजणाचा काठ पुसतेस आणि म्हणतेस, "आता राह्यते सुखानं."

रविवारी झाकण काढलं तर मरळ पोट वर करून पडलेली.

"अवं, हे काय करून ठेवलं तुनं?" बाबा ओरडले. "मरळीले वर येऊन हवा घ्या लागते. तळं आटलं तं चिखलात राह्यते ते, ओल्या फडक्यातबी लई वेळ जगते. पण वरती जागाच नसली तं पाण्यातच गुदमरते!"

"मासा अन् पाण्यात मरते? मले काय ठाऊक! कमी पडू नये म्हणूनच तं भरलं मी." तू ढसाढसा रडलीस. धाकटा डाळीच्या पाण्यावर बरा झाला. पण पुढे मला अमरावतीला मास्तरीण व्हायला जायचं होतं, तेव्हा तू दाराला कडी घातलीस. मायेनंच घातलीस, कळतं गं मला. म्हणून तर धड रागावताही येत नाही.

लेक आत बसली आहे, जेवलीसुद्धा नाही. हे सगळं तिला सांगायचं सोडून मी तुला लिहीत बसले, तू आहेस तिथे टपाल जात नाही. तिने ट्रंक भरून ठेवली आहे. ट्रंकेला कुलूप मी लावलं. किल्ली सकाळपासून माझ्या कमरेला आहे, माय.