तिच्या तोंडातली ओळ

बाई, आपल्या शाळेतली ती दुपार तुम्हाला शेवटपर्यंत आठवत होती की नाही, कोण जाणे. मला अजून आठवते. कौलांच्या फटीतून आलेली उन्हाची पट्टी फळ्यावर चढली आहे आणि बेडशाहून चालत येणारी ती मुलगी पाठांतराला उभी आहे. तिसऱ्या कडव्याला ती अडली. तुमचा नियमच होता, अडलेल्याला कोणी सांगायचं नाही. तुम्ही खिडकीबाहेर बघत बसायचात, जणू आपल्याला दुसरं कामच नाही. मला धीर निघेना. मी बसल्या जागेवरून पुढची ओळ म्हणून टाकली, तीही चालीवर. मुलगी खाली बसली. आवाज न चढवता तुम्ही म्हणालात, "तिच्या तोंडातली ओळ काढून घेतलीस तू." मदत केली तर वर बोलणी बसली, हा राग मी पुष्कळ वर्षं जपला. ती मुलगी नंतर पाठांतराला कधीच उठली नाही, हे ध्यानात यायला मात्र म्हातारपण यावं लागलं.

माझी नात एकोणीस वर्षांची आहे. तिला सगळं कळतं, पण शब्द ओठांवर यायला वेळ लागतो आणि हातांना कामाचा क्रम लवकर सापडत नाही. बारावी झाल्यावर म्हणाली, कॉलेजला जाईन, आणि एकटी जाईन. म्हणून तुंगार्लीत एका ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे जाऊ लागलो. मला वाटलं, बोटांचे व्यायाम घेतील. त्या ताईंनी आधी तिलाच विचारलं, कॉलेजात भीती कशाची वाटते? ती म्हणाली, ऑफिसच्या खिडकीची. परीक्षेत तिला जास्तीचा वेळ मिळू शकतो, पण त्याचा अर्ज तिनं जाऊन मागायला हवा. मग आमच्या स्वयंपाकघरातला ओटा म्हणजे कॉलेजचं ऑफिस झालं. पिशवी कशी भरायची, एसटीचा पास कुठल्या कप्प्यात ठेवायचा, खिडकीशी पहिलं वाक्य कोणतं, अशा एकेक पायऱ्या ताई पाडून देत. मी क्लार्क. आणि क्लार्क असा की प्रश्नही माझा, उत्तरही माझंच. ताई एकदा हसल्या. "आबा, ॲडमिशन तुम्ही घेताय का?" मग म्हणाल्या, "ती बोलेल. तिच्या आधी बोलू नका. मनात वीस मोजा." मी म्हटलं, आकड्यांत माझं मन रमत नाही, कविता म्हणतो. "म्हणा. पण कडवं मोठं निवडा." बाई, तेव्हा तुमची खिडकी डोळ्यांपुढे आली.

परवा ती खरीखुरी खिडकी आली. हे जमलं नाही तर कॉलेज नको, घरीच बसते, असं ती एसटीत दोनदा म्हणाली होती. मी भिंतीलगतच्या बाकावर बसलो. क्लार्कनं विचारलं, काय पाहिजे? मागं रांग वाढतेय. मागची एक मावशी म्हणते, "आवर की गं पोरी, आमची गाडी जाईल." मी मनात पहिलं कडवं म्हटलं, दुसरं म्हटलं. क्लार्क मान वाकडी करून माझ्याकडे बघतो. "आबा, तुमची नात का? काय पाहिजे हिला?" उत्तर अगदी जिभेवर होतं. मी बाहेर बघितलं, तुमच्यासारखं, आणि तिसरं कडवं धरलं. तिथं अडलो. साठ वर्षांपूर्वी मीच फेकलेली ती ओळ काही केल्या येईना. ती शोधत असतानाच कानावर आलं, "मला पेपरला जास्तीचा वेळ मिळतो. त्याचा अर्ज द्या."

क्लार्कनं कागद पुढे सरकवला. मावशी म्हणाली, "बोलती की चांगली." नात अर्ज छातीशी धरून माझ्याकडे आली आणि म्हणाली, "आबा, तुम्ही कुठं अडलात? ओठ थांबले तुमचे."

तेव्हा आता खरं सांगून टाकतो. त्या दुपारी मला त्या मुलीला मदत करायचीच नव्हती. माझी चाल किती छान आहे, ते तुम्हाला ऐकवायचं होतं.

ओळ अजून आलेली नाही. सातवीच्या निकालाला तुम्ही दिलेलं पुस्तक कपाटात आहे. हे पत्र त्यातच ठेवायचं, पण पुस्तक उघडलं की ओळ दिसेल, म्हणून ते टेबलावरच पडून आहे. नातीला ती ओळ येते, माझ्याकडून ऐकून ऐकून पाठ झालीय. काल मी तिला हळूच विचारली. ती खिडकीबाहेर बघत बसली.